बेंगळुरूत फुलझाडं निवडताना

बेंगळुरूत काहीही लावलं तरी उगवतं, असा समज पक्का आहे, आणि तो खोटा नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर वसलेलं. जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, एप्रिलच्या दुपारी ३४ च्या घरात. ना नागपूरचा उन्हाळा, ना कोकणासारखा चार महिने न थांबणारा पाऊस. त्यामुळे थंड हवेची जिरेनियम, पेटुनिया, फ्लॉक्स इथे नांदतात आणि उष्ण प्रदेशातली जास्वंद, कर्दळ, बोगनवेलही नांदते. पण निवडीचा प्रश्न अवघड झाला आहे तो याच सोयीमुळे. मुंबईत जिरेनियम आणणाऱ्याला वैशाखातच निकाल कळतो. बेंगळुरूत चुकीच्या जागी लावलेलं झाड मरत नाही. ते वर्षानुवर्षं उभं राहतं, पानं काढतं, क्वचित एखादं फूल देतं, आणि मालक खताचे प्रकार बदलत राहतो.

नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून इथे आलेली अनेक मराठी घरं मी पाहतो. व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, इलेक्ट्रॉनिक सिटी इथल्या उंच इमारतींत ती राहतात. पहिल्या दिवाळीला रोपवाटिकेतून फुललेल्या दहा-बारा कुंड्या येतात. होळीपर्यंत त्यांतल्या निम्म्या रिकाम्या होतात. लोक म्हणतात, हात चांगला नाही. हाताचा यात काही संबंध नसतो. झाड निवडताना फूल पाहिलं जातं. ऊन किती तास येतं, कोणत्या महिन्यात येतं आणि नळाला कुठलं पाणी आहे, हे पाहिलं जात नाही. या तीन गोष्टी आधी ठरल्या की फुलांची यादी आपोआप आखूड होते, आणि जी उरते ती भरवशाची असते.

आज शहरात फुलबागेच्या निदान चार आवडी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्या कुठून आल्या हे पाहिलं तर आपण नेमकं कशाचं अनुकरण करतो आहोत ते कळतं.

सर्वांत दिमाखदार आवड लालबागेची. हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग सुरू केली, टिपूने वाढवली. १८७४ पासून जॉन कॅमेरॉन यांनी देशोदेशींची झाडं आणून ती भरली. १८८९ मध्ये ग्लास हाउसची कोनशिला बसली आणि तेव्हापासून फुलांच्या प्रदर्शनाला हक्काचं छप्पर मिळालं. दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तिथे भरणारी प्रदर्शनं पाहायला राज्यभरातून लोक येतात. पेटुनिया, साल्व्हिया, डायंथस, बिगोनिया यांचे रंगीत गालिचे पाहून घरी तसंच काही करावं असं वाटणं साहजिक आहे. मात्र हे गालिचे हंगामी झाडांचे असतात. प्रदर्शनाची तारीख धरून आधी काही महिने बी पेरलेलं असतं, माळ्यांची फौज ती रोपं सांभाळते, आणि बहर ओसरला की वाफा उपटून दुसरा लावला जातो. ही पद्धत व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधून आली. तिच्यात झाड हे रंगाचं साधन असतं, वर्षभराचा सोबती नव्हे. घरच्या बाल्कनीत तीच रोपं आणून ती बारा महिने फुलतील अशी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

लालबागेनेच शहराला दुसरा धडाही दिला, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. १९०८ मध्ये गुस्ताव हर्मान क्रुंबीगल यांनी लालबागेची सूत्रं हाती घेतली. ड्रेस्डेनजवळ जन्मलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून, बडोद्याला. म्हणजे बेंगळुरूला क्रुंबीगल मिळाले ते एका मराठी संस्थानिकाच्या पारखीमुळे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हैसूर संस्थानात आल्यावर त्यांनी रस्त्याकडेला झाडं लावताना बहराचा क्रम पाहिला. एकाचा बहर संपताना दुसऱ्याचा सुरू व्हावा, वर्षातला कोणताही महिना शहर फुलांवाचून राहू नये, अशी ती योजना. आजही जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया, मग पिवळा टॅबेबुया आणि जॅकरांडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, बहावा, पीतमोहर, आणि पावसाळा सरताना बुचाची पांढरी फुलं, असा क्रम शहरभर दिसतो. एक झाड बारा महिने फुलवण्याचा अट्टहास त्यात नाही. वेगवेगळ्या महिन्यांची झाडं निवडून बारा महिने भरायचे, एवढंच. हे सूत्र दहा कुंड्यांच्या बाल्कनीला जसंच्या तसं लागू पडतं.

तिसरी आवड या दोन्हींहून जुनी आहे. बेंगळुरूच्या तिगळ समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इथले मळे आणि फुलबागा पिकवल्या. चैत्र पौर्णिमेला धर्मराय देवळातून निघणारा करग, म्हणजे मिरवणुकीतला कलश, याच समाजाचा, आणि तो मोगऱ्याच्या कळ्यांनी मढवलेला असतो. बसवनगुडी, मल्लेश्वरम या जुन्या वस्त्यांतल्या घरांपुढे अजूनही अबोली, मोगरा, जास्वंद, तगर, पारिजात आणि तुळस दिसते. ही बाग देवपूजेची आणि वेणीची. मराठी माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. रोपवाटिकेत अबोलीला कनकांबर, मोगऱ्याला मल्लिगे, जास्वंदीला दासवाळ आणि शेवंतीला सेवंतिगे म्हणायचं, एवढं शिकलं की झालं. दिसायला ती गालिच्यासारखी नसते, पण यांतलं जवळपास प्रत्येक झाड या मातीत अनेक वर्षं टिकतं.

चौथी आवड बांधकाम व्यावसायिकांची आणि कंपन्यांच्या आवारांची. सोनेरी दुरंता, ड्रॅसिना, हिरवळ, कडेला पिवळ्या फुलांची वेडेलिया. देखभाल सोपी आणि फोटोत छान, म्हणून ती सगळीकडे पसरली. माझं मत विचाराल तर या बागांनी शहराचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, कारण शंभर आवारं पाहिली तरी तीच आठ-दहा झाडं दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच झाडांवर ना फुलपाखरू बसतं ना शिंजीर.

आता उन्हाकडे येतो, कारण निवडीचा खरा निवाडा तिथे होतो.

बेंगळुरू जवळपास १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास इथे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. पुण्यात हे शून्य सावलीचे दिवस मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात, म्हणजे पुण्याहून आलेल्या माणसाच्या अंदाजापेक्षा बेंगळुरूचा सूर्य उत्तरेला जास्त दिवस रेंगाळतो. उत्तरेच्या बाल्कनीला मे ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिथे उन्हाचा कवडसाही येत नाही. दक्षिणेच्या बाल्कनीचं अगदी उलट. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेत्रेपन्न अंशांवर असतो, त्यामुळे ऊन पार आतपर्यंत शिरतं. जूनमध्ये मात्र वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो.

यातून निवडीचा सरळ नियम निघतो. दक्षिणेची बाल्कनी ही हिवाळी हंगामी फुलांची जागा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेटुनिया, फ्लॉक्स, व्हर्बिना, डायंथस, पॅन्सी लावावीत. ती फेब्रुवारीअखेरपर्यंत मनसोक्त फुलतात. जूनमध्ये याच कठड्यावर काही फुलत नसेल तर झाडाला बोल लावू नये. तिथे त्या काळात कोलियस, कॅलेडियम ही रंगीत पानांची झाडं शोभतात. उत्तरेच्या बाल्कनीत बारमाही भरवसा सावलीच्या झाडांवर ठेवावा: नेचे, बिगोनिया, पीस लिली, अँथुरियम. पावसाळ्यात त्यांत तोरेनिया आणि तेरडा मिसळावा. पूर्वेची बाल्कनी सर्वांत भाग्याची. सकाळचं चार तास कोवळं ऊन जिरेनियमला, बिगोनियाला, न्यू गिनी इम्पेशन्सला आणि बटण गुलाबालाही पुरतं. पश्चिमेला मार्च-एप्रिलची दुपार भाजून काढते. २४ एप्रिल २०१६ रोजी या शहरात पारा ३९.२ अंशांवर गेला होता. पश्चिमेच्या बाल्कनीत बोगनवेल, अडेनियम, युफोर्बियाचे ठेंगणे संकर आणि चिनी गुलाब सोडून नाजूक काही ठेवू नये.

उंचीचाही विचार हवा. आठव्या-दहाव्या मजल्यावर वारा इतका असतो की कॉसमॉस, डेलिया यांच्यासारखी उंच आणि पोकळ दांड्याची झाडं एका रात्रीत मोडतात, आणि पातळ पानांतलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. तिथे बुटकी, जाड पानांची झाडंच बरी.

दिवसाच्या लांबीचा एक बारकावा शेवंतीच्या हौशी मंडळींसाठी. शेवंतीला आणि पॉइन्सेटियाला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखाच्या रात्री लागतात. बेंगळुरूभोवतीचे शेतकरी फुलोरा लांबवायचा असेल तेव्हा शेवंतीच्या वाफ्यांवर रात्री दिवे लावतात, ते याच कारणाने. तुमच्या कुंडीवर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर तुम्ही नकळत तेच करत असता. ऑगस्टनंतर कुंडी रात्री काळोख असलेल्या कोपऱ्यात हलवली की नोव्हेंबरात झाड कळ्यांनी भरतं.

उन्हानंतर पाणी. याबाबतीत बेंगळुरू गेल्या काही वर्षांत बदललं आहे, बागेच्या कल्पना मात्र जुन्याच राहिल्या आहेत. कावेरीचं पाणी या शहरात सुमारे १०० किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत पंपांनी उचलून आणलं जातं. मार्च २०२४ मधल्या टंचाईत इथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली आणि ५००० रुपये दंड ठरवला. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे हायड्रेंजिया, नेचे आणि हंगामी फुलांचे वाफे होते त्यांनी ते डोळ्यांदेखत गमावले; बोगनवेल, चाफा, कोरांटी, सदाफुली ज्यांच्याकडे होती त्यांच्या बागा राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी त्या उन्हाळ्याचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवूनच बाग आखावी असं मला मनापासून वाटतं. दहा कुंड्यांत सात कमी पाण्याच्या आणि तीन लाडाच्या, हे प्रमाण ठीक. लाडाच्या तिन्ही एकत्र ठेवाव्यात, म्हणजे पाणी देणाऱ्याचा हात सगळीकडे सारखा फिरत नाही. कोरडी माती हवी असणारी झाडं इथे तहानेने क्वचित मरतात. शेजारच्या नेच्याबरोबर त्यांनाही रोज पाणी मिळतं आणि मुळं कुजतात.

पाणी किती याइतकंच कुठलं हेही महत्त्वाचं. कावेरीचं पाणी सौम्य आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांत मात्र बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते बहुधा जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू हळूहळू चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग अनंत, इक्झोरा, जास्वंद यांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत वाढवून हे जात नाही. चिलेटेड लोह दिलं की तात्पुरतं सुधारतं. पावसाचं पाणी साठवून दिलं तर जास्त टिकतं. सर्वांत शहाणपणाचं म्हणजे बोअरच्या पाण्यावर अनंत लावायचा हट्टच सोडावा. मोठ्या गृहसंकुलांत बागेला सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं. ते वापरायलाच हवं, पण त्यात क्षार जास्त असतात. अँथुरियम, नेचे, जरबेरा यांची पानं टोकांकडून करपतात. कर्दळ, कण्हेर, बोगनवेल, चाफा, चिनी गुलाब हे पाणी पचवतात. संकुलाच्या दाराशी लावायला कर्दळीसारखं झाड नाही: मोठं पान, तांबड्यापासून पिवळ्यापर्यंत रंग, ओल्या जागेतही आनंदात, आणि कंद फोडून दरवर्षी फुकट रोपं.

मातीबद्दल थोडक्यात. देशावरच्या काळ्या मातीची सवय असलेल्याला इथली तांबडी माती हलकी वाटते. तिचा निचरा चांगला, पण अन्न कमी, आणि पावसाच्या माऱ्याने वर कडक पापुद्रा धरतो. वाफ्यात भरपूर कंपोस्ट आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन हवं. कुंडीसाठी तांबडी माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समसमान घेऊन त्यात मूठभर निंबोळी किंवा करंजाची पेंड घालावी. करंजाची पेंड इथे होंगे म्हणून सहज मिळते. रोपवाटिकेतली फुललेली रोपं बरेचदा नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. ती दिसतात टवटवीत, पण एकदा पूर्ण सुकलं की कोकोपीट वरवर ओतलेलं पाणी धरत नाही. घरी आणल्यावर आठवडाभरात ती बदलावीत. हेसरघट्ट्याच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने आंबवलेलं कोकोपीट तयार केलं आहे. ते मिळालं तर घ्यावं. कुंड्या मातीच्या हव्या असतील तर बेन्सन टाउनजवळची कुंभारांची वसाहत, जिला सगळे पॉटरी टाउन म्हणतात, ती पाहण्यासारखी आहे. बाल्कनीत मात्र वजन मोजा. १२ इंची कुंडी माती आणि पाण्यासह वीस किलोच्या वर जाते.

आता झाडं. वर्षभराचा कणा आधी निवडावा आणि हंगामी फुलं नंतर, असं मी आग्रहाने सांगेन. रोपवाटिकेत आपण नेमकं उलट करतो.

उन्हाच्या जागेचा कणा म्हणून माझी पहिली पसंती पेंटासला. तांबडे, गुलाबी, पांढरे झुबके, गुडघाभर उंची, बेंगळुरूच्या हवेत जवळजवळ सतत बहर आणि फुलपाखरांची वर्दळ. दुसरी ठेंगण्या इक्झोराला, पाणी सौम्य असेल तर. तिसरी काटेरी युफोर्बियाला. हल्ली मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरांवर बारा महिने फूल असतं आणि आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं. काटे आहेत, घरात लहान मूल असेल तर नको. फिकट निळ्या रंगाची उणीव प्लंबॅगो भरून काढतो. कुंडीच्या काठावरून खाली झुकला की फार देखणा दिसतो. बोगनवेलीबद्दल एकच सांगणं: तिला उपाशी ठेवा. मोठी कुंडी आणि रोजचं पाणी दिलं की ती पानांत रमते. मुळं घट्ट, माती कोरडी आणि ऊन सहा तास असलं की जानेवारी ते मे ती रंगांनी झाकून जाते.

सदाफुलीला घरोघरी गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर तो अन्याय आहे. जुनी गुलाबी आणि पांढरी सदाफुली फुटपाथच्या भेगेतही फुलते. नवे संकर रंगाने जास्त मोहक आहेत, पण मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस यांत त्यांची मुळं आणि देठ लवकर कुजतात. बेंगळुरूचा पाऊस दोन वेळा जोर करतो, हे लक्षात ठेवून संकरित सदाफुली छपराच्या कडेला ठेवावी. पेटुनियाचंही तसंच: मोठ्या फुलांच्या जाती पहिल्याच सरीत लोळागोळा होतात, लहान आणि भरपूर फुलांच्या जाती सावरतात.

वाफ्यांसाठी इथे सर्वांत उपेक्षित राहिलेलं फूल म्हणजे चायना ॲस्टर. हेसरघट्ट्याच्या संस्थेने कामिनी, पौर्णिमा, शशांक, व्हायलेट कुशन अशा जाती काढल्या, पुण्याच्या गणेशखिंडीतून फुले गणेश मालिकेतल्या जाती आल्या, आणि तरी घरगुती वाफ्यात ॲस्टर क्वचित दिसतो. गुलाबी, जांभळा, पांढरा असे शांत रंग, आणि पाण्यात ठेवलेलं फूल बरेच दिवस टिकतं. त्याच संस्थेच्या अबोलीच्या, झेंडूच्या, निशिगंधाच्या जातींचीही तीच कथा. निशिगंधाच्या शृंगार, सुवासिनी, प्रज्वल या जाती शेतकऱ्यांच्या मळ्यांत पोचल्या, बाल्कनीत पोचल्या नाहीत. १९६५ पासून बेंगळुरूत डॉ. मनमोहन अत्तावर यांच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने फुलांच्या संकरित बियाण्यांचं मोठं काम उभं केलं. ज्या शहरात इतकं बियाणं घडतं तिथल्या रोपवाटिकेत जातीचं नाव विचारलं तर बहुधा रंग सांगितला जातो. लालबागेच्या आवारातल्या रोपवाटिकाधारकांच्या सहकारी संस्थेत किंवा हेसरघट्ट्याला जाऊन नाव विचारून रोप घेण्याची सवय ग्राहकानेच लावायला हवी.

मराठी घरांना भाद्रपदात तेरडा लागतो. ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी बसतात ते इथे रोपांसाठी वणवण फिरतात, कारण इथली गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते आणि तिला तेरडा लागत नाही. जूनअखेर मोठ्या कुंडीत बी टाकलं तर गौरीपर्यंत तेरडा कमरेला लागतो. पाऊस पुरेसा असतो आणि ऊन मवाळ. तेरड्याला बेंगळुरूचा पावसाळा कोकणाइतकाच मानवतो.

मांडणीत मी पानांना फुलांइतकंच मोल देतो. फूल येतं आणि जातं. कोलियसचं किरमिजी पान किंवा नेच्याची पोपटी झालर महिनोन्‌महिने असते. एका मोठ्या कुंडीत तीनच गोष्टी असाव्यात: मध्ये उंच काही, भोवती भरगच्च काही, काठावरून खाली येणारं काही. रंग दोन, फार तर तीन. पाच रंग एकत्र आले की प्रदर्शनाचा वाफा होतो आणि लांबून सगळं करडं दिसतं. वाफ्यात एकेक रोप वेगळ्या जातीचं लावण्याऐवजी एका जातीची सात-आठ रोपं गटाने लावावीत. पश्चिमेच्या झळाळत्या उन्हात फिकट गुलाबी धुऊन निघतो, तिथे केशरी आणि गडद तांबडा उठून दिसतो. सावलीत पांढरा आणि फिकट पिवळा उजळतो. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्यांनी पांढरी आणि सुवासिक फुलंच निवडावीत: मोगरा, कुंद, निशिगंध. त्यांना बाग दिसते ती अंधारातच.

आणखी एक निवड आपण कळत-नकळत करतो, पाकळ्यांची. दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, दुहेरी झेंडू, भरगच्च शेवंती यांत मध आणि पराग दडलेले असतात किंवा नसतातच. एकेरी फुलाच्या झाडावर कीटक आणि पक्षी येतात. कठड्यावर एकेरी जास्वंद आणि रसेलिया असली तर जांभळ्या पाठीचा शिंजीर सातव्या मजल्यावरही हजेरी लावतो. फुलपाखरांना मधाबरोबर अंडी घालायला झाड लागतं. कढीलिंबावर लिंबी फुलपाखराच्या अळ्या, कलांचोच्या जाड पानांत रेड पिएरोच्या अळ्या. पान खाल्लेलं दिसलं की लगेच औषध फवारणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो. दोन आठवड्यांत झाड पुन्हा फुटतं.

देशी-विदेशीचा वाद इथे येतो. निव्वळ देशी झाडांचा आग्रह मला पटत नाही. पेंटास, बोगनवेल, चाफा बाहेरून आले आणि त्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही. प्रश्न पसरणाऱ्या झाडांचा आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आली आणि आज बंडीपूरच्या जंगलात तिच्या जाळ्यांखाली गवत उगवत नाही. जलपर्णी जांभळ्या फुलांसाठी आणली गेली, तिने बेंगळुरूचे तलाव झाकले. आवारांच्या कडेला लावलेली वेडेलिया पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत आणि तळ्यांच्या काठांवर पोचते. या तिन्ही वनस्पती जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. पिवळ्या फुलांसाठी लावलेला सेना स्पेक्टॅबिलिस बंडीपूर आणि नागरहोळेत पसरतो आहे. संकुलाच्या बागेसाठी झाडं सुचवली जातात तेव्हा रहिवाशांनी या चार नावांना स्पष्ट नकार द्यावा. वेडेलियाच्या जागी कोरांटी, अबोली किंवा गोकर्ण लावता येते. तिन्ही देखण्या, तिन्ही इथल्या हवेला सरावलेल्या.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरांनी कण्हेर, अडेनियम, डिफेनबेकिया आणि युफोर्बियाचा चीक यांपासून सावध राहावं. मांजर असेल तर लिली घरात आणूच नये. मांजरांच्या मूत्रपिंडांना ती घातक असते. रोपवाटिकेत याबद्दल कुणी काही सांगत नाही. कुंडीला टांगलेल्या चिठ्ठीवर किंमत असते. जातीचं नाव, किती तास ऊन, कोणत्या महिन्यात बहर, विषारी की नाही, यातलं काहीच नसतं. फुलांचा एवढा मोठा बाजार असलेल्या शहरात ही चार वाक्यं छापणं अवघड नाही. ती मिळेपर्यंत फुललेल्या रोपाला हात लावण्याआधी विक्रेत्याला हे प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळालं नाही तर शेजारची न फुललेली, बुटकी, भरपूर फुटव्यांची सदाफुली उचलावी.